हजारात एखाद्याचा गुडघा

ताईचा उजवा गुडघा बदलून अकरा महिने झाले होते. गौरी-गणपतीचे दिवस. सकाळी ती ओट्यापाशी उभी होती आणि तासाभरात तिचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. ताप नाही, पडणे-झडणे नाही. कातडी ताणलेली, हाताला गरम. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाच दिवसांचे अँटिबायोटिक दिले, बर्फ लावायला सांगितला. दोन आठवड्यांत सूज ओसरली. "गौरींची धावपळ, दुसरं काय!" असे सगळे म्हणाले, मीही म्हणालो. कार्तिकात तोच प्रकार झाला, तेव्हा धावपळ नव्हती. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले होते तिथे गेलो. एक्स-रे काढला, सांधा जागच्या जागी होता. "ऑपरेशन उत्तम आहे, काळजी करू नका," असे सांगण्यात आले. पौषात तिसऱ्यांदा सुजला तेव्हा एका तरुण डॉक्टरने सुई घालून आतले पाणी ओढले. सिरिंजमध्ये पाणी नव्हते, पूही नव्हता. गडद लाल रक्त होते.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केले. वैद्यकातले जे काही कळते ते ग्रंथालयांत आणि शोधनिबंधांत बसून, शब्दकोश शेजारी ठेवून कळलेले. म्हणून या लेखाला कोणी वैद्यकीय सल्ला समजू नये. ताईच्या गुडघ्यात रक्त कुठून आले, हे शोधताना मी ज्या प्रदेशात शिरलो त्याची ही हकीकत आहे. त्या प्रदेशाचे नाव 'दुर्मीळ गुंतागुंत'.

आधी एक गैरसमज दूर करू. 'गुडघा बदलला' असे आपण म्हणतो, त्यामुळे जुना गुडघा काढून टाकून नवा बसवला असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक यांचा झिजलेला थर, साधारण आठ-दहा मिलिमीटर, करवतीने काढतात. वरच्या टोकाला कोबाल्ट-क्रोमियमची टोपी बसते, खालच्या टोकाला धातूची तबकडी, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलीनची गादी. अॅक्रिलिकच्या जातीचे एक 'सिमेंट' हे सगळे हाडाला धरून ठेवते. वाटीला आतून प्लॅस्टिकचे बटण कधी लावतात, कधी लावत नाहीत. दाढेवर कॅप बसवतात तसा हा प्रकार आहे. बाजूचे अस्थिबंध, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि सांध्याचे आतले अस्तर बहुतांशी जुनेच राहते. पुढे जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे या जुन्या-नव्याच्या शेजारात घडते.

इतिहास लांबलचक आहे, पण पहिला टप्पा सांगितलाच पाहिजे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा माणसाच्या पायात बसवला. त्याचे रुग्ण क्षयाने सांधे सडलेले होते. सुरुवातीला आश्चर्यकारक यश आले आणि मग जखमा वाहू लागल्या, कारण जंतू हाडात आधीपासूनच होते. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ फारसे काही घडले नाही. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी धातूवर पॉलिएथिलीन ही जोडी आणली. ती गुडघ्याच्या कामी आली. १९७४ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल, अभियंता पीटर वॉकर आणि इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन तिकडे गेलेले चित्तरंजन राणावत यांच्या गटाने 'टोटल कॉन्डिलर' गुडघा घडवला. आजचे बहुतेक गुडघे त्याचेच वंशज. हेच डॉ. राणावत ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आले आणि पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा त्यांनी बदलला. पुढच्या वर्षी उजवा. आपल्याकडे 'गुडघा बदलता येतो' हे घरोघरी पोचले त्यात त्या बातमीचा मोठा हात आहे. ताईच्या सासूबाईंनी तेव्हा म्हटले होते, "पंतप्रधानाला झेपतं ते आपल्याला कसं झेपणार?"

हे ऑपरेशन वैद्यकातल्या सर्वांत यशस्वी ऑपरेशनांपैकी एक आहे, हे मी आधीच मान्य करतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार सुमारे ८२ टक्के पूर्ण गुडघारोपणे पंचवीस वर्षे टिकतात. माझ्या इमारतीत सात जणींनी गुडघे बदलले आहेत. त्यांतल्या सहा जणी मजेत जिने चढतात. सातवी ताई.

आता रक्ताकडे येऊ. या विकाराला 'वारंवार होणारा सांध्यातील रक्तस्राव' म्हणतात. गुडघारोपण झालेल्या शंभरांत एकालाही तो होत नाही. त्याची चाल मात्र ठरलेली असते. ऑपरेशननंतर काही महिने, कधी दोन वर्षे, सगळे छान असते. मग एके दिवशी काही कारण नसताना किंवा थोड्या श्रमाने गुडघा अचानक भरतो, दुखतो, वाकेनासा होतो. काही दिवसांत ओसरतो आणि पुन्हा भरतो. कारण बहुधा ते जुने अस्तर असते. सांध्याच्या आतून एक मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा असतो. ऑपरेशननंतर तो कधीकधी जाड होतो, त्याच्या घड्या पडतात, आणि चालताना धातूची टोपी आणि प्लॅस्टिकची गादी यांच्या फटीत किंवा वाटीखाली एखादी घडी चिमटली जाते. दारात बोट सापडावे तशी. मग ती फाटते आणि रक्त येते. रक्तामुळे अस्तर चिडते, आणखी फुगते, पुन्हा चिमटते. काही रुग्णांत ऑपरेशनच्या वेळी एखाद्या लहान धमनीला इजा होऊन तिथे फुगा तयार झालेला असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर सगळेच बिघडते. ताईला ती नव्हती, फक्त रक्तदाबाची गोळी होती.

एक्स-रेत यातले काही दिसत नाही, कारण एक्स-रे हाड आणि धातू दाखवतो. म्हणजे 'एक्स-रे उत्तम आहे' हे वाक्य खरे होते आणि निरुपयोगीही होते. पहिल्याच वेळी सुई घातली असती तर चार महिने वाचले असते. पण नुसत्या पहिल्या सुजेला कोणी सुई घालत नाही, आणि त्यालाही कारण आहे. कृत्रिम सांध्यात सुई घालणे म्हणजे बाहेरचे जंतू आत जाण्याची वाट उघडणे, म्हणून ते कडक निर्जंतुक पद्धतीनेच करावे लागते. पायवाट दोन्हीकडून अरुंद आहे.

उपायांचा क्रमही ठरलेला आहे. आधी विश्रांती, बर्फ, साचलेले रक्त काढणे. तरी थांबले नाही तर मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालून गुडघ्याच्या धमन्यांचे चित्र काढतात. अस्तर जिथे सुजलेले असते तिथे त्या चित्रात एक धूसर लालीसारखा डाग उमटतो. त्या डागाला रक्त पुरवणाऱ्या लहान वाहिन्या सूक्ष्म कणांनी बुजवतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. बहुतेकांचा रक्तस्राव थांबतो, काहींना पुन्हा करावे लागते, क्वचित कातडीचा एखादा भाग काळवंडतो. तेही जमले नाही तर सांधा उघडून किंवा दुर्बिणीने ते अस्तरच काढतात. ताईचे निदान व्हायला पाच वेळा गुडघा भरावा लागला. होळीच्या आसपास चौथा, वैशाखात पाचवा. पाचव्या वेळी ती मला म्हणाली, "तू शोध घेतोयस ते ठीक, पण मला कुणीतरी नुसतं सांगा की हे माझ्या मनाचं नाही." कारण मधल्या काळात एका ठिकाणी तिला मानसोपचाराची चिठ्ठी मिळाली होती.

याच वाचनात शेजारच्या पानांवर इतर गुंतागुंती भेटत गेल्या. त्यांतली सर्वांत भयंकर म्हणजे गुडघ्यामागची मोठी धमनी. मांडीतून पोटरीकडे जाणारा हा मुख्य पाट सांध्याच्या मागच्या पिशवीला अगदी लागून असतो, आणि करवत पुढून मागे चालत असते. धमनी कापली जाणे विरळा. त्याहून अधिक वेळा घडते ते असे, की मांडीला आवळून बांधलेल्या पट्ट्याने आधीच चुना धरलेली धमनी चुरडते आणि आत गुठळी होते. हजारात एक-दोन, बहुतेक अभ्यासांत त्याहूनही कमी. पण हाताशी वेळ साधारण सहा तासांचा असतो. तो गेला तर पाय गमावण्याची वेळ येते. पाठीत दिलेल्या भुलीमुळे दुखणे कळत नाही, म्हणून पावलाचा गारपणा, रंग आणि नाडी नर्सने दर थोड्या वेळाने पाहायची असते. इथे मला आपल्याकडची एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ऑपरेशनपूर्वी "सिगारेट ओढता का?" हा प्रश्न विचारतात. साठ-सत्तरीच्या बायका खरेपणाने "नाही" म्हणतात. मिश्रीबद्दल कोणी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. पण जळक्या तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि जखम भरायला वेळ लावते, मग ते धुरातून येवो की हिरड्यांतून.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक नस जाते. तिच्यावर ताण आला की पाऊल वर उचलता येत नाही, चप्पल फरपटते. हे शंभरांत एकाच्या आसपास घडते. ज्यांचे गुडघे आतल्या बाजूला एकमेकांवर घासतात त्यांच्यात जास्त, कारण वर्षानुवर्षे आखडलेली बाजू एका तासात सरळ केली जाते आणि तिथली नस ताणली जाते. आपल्याकडे बहुतेकांचे पाय उलट, धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पहिला उपाय साधा असतो: पट्टी सैल करायची, गुडघा थोडा वाकवून ठेवायचा. बऱ्याच जणांची नस महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षाने, पूर्ण किंवा अर्धीमुर्धी परत येते.

एक गुंतागुंत नावानेच लक्षात राहते. इंग्रजीत तिला आवाजावरून नाव पडले आहे, मराठीत 'टक्' म्हणू. वाटीच्या वरच्या टोकाशी दाट तंतूंची गाठ तयार होते. काही जातींच्या कृत्रिम गुडघ्यांत मांडीच्या टोपीला मधोमध एक खाच असते. पाय वाकवला की गाठ त्या खाचेत जाऊन बसते आणि खुर्चीतून उठताना, पाय सरळ होता होता, 'टक्' करून बाहेर उडी मारते. ती दुखते, आणि ऐकूही येते. १९८९ मध्ये तिचे नीट वर्णन झाले. पुढे खाचेची ठेवण बदलली, तशी ती कमी झाली. दुर्बिणीतून गाठ काढली की बहुतेकांचा प्रश्न सुटतो. मला ही गुंतागुंत आवडते, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण तिच्यात कारण, आवाज आणि उपाय तिन्ही स्वच्छ आहेत.

जंतुसंसर्ग तितका स्वच्छ नाही. शंभरांत एक-दोघांना होतो, म्हणजे तो या लेखातल्या अर्थाने दुर्मीळही नाही. धातू-प्लॅस्टिकला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. जंतू त्यांच्यावर चिकट थर करून बसले की औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मग अनेकदा सांधा काढून, प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा मध्ये ठेवून, काही आठवडे औषधे देऊन पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो. यातली खरोखर दुर्मीळ प्रकरणे वाचताना मला वैद्यक म्हणजे माणसाच्या राहणीचा पंचनामा वाटला. मांजराने चाटलेल्या जखमेतून गेलेला पाश्चुरेला. कच्च्या दुधातून आलेला ब्रुसेला. स्ट्रेप्टोकॉकसची गॅलोलिटिकस नावाची एक जात सांध्यात सापडली तर डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला सांगतात, कारण तिचा आतड्याच्या कर्करोगाशी संबंध आहे; गुडघ्यातला पू आतड्यातली बातमी देतो.

आणि क्षय. ग्लुकच्या हस्तिदंताला ज्याने हरवले तोच जंतू आजही कोबाल्ट-क्रोमियममध्ये भेटतो. बालपणी कधी होऊन गेलेला, सांध्यात झोपलेला क्षय ऑपरेशननंतर जागा होतो. नेहमीच्या जंतुपरीक्षेत काही उगवत नाही, कारण क्षयाच्या जंतूला उगवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि त्याची परीक्षा वेगळी मागावी लागते. ज्या प्रयोगशाळेला कोणी 'क्षयही पाहा' असे लिहून देत नाही ती तो पाहत नाही. पाश्चात्त्य ग्रंथांत ही बाब एका ओळीची असते. आपल्या देशात ती एका ओळीत संपवणे मला पटत नाही.

इथेच ताईला पहिल्या दिवशी मिळालेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांबद्दल सांगायला हवे. तिच्या गुडघ्यात जंतू नव्हते म्हणून निभावले. असते, तर त्या गोळ्यांनी ते मेले नसते, फक्त लपले असते. प्रतिजैविक चालू असताना काढलेल्या नमुन्यात जंतू अनेकदा उगवत नाहीत. म्हणून आधी नमुना, मग औषध, असा क्रम असतो, आणि रुग्णाची प्रकृती धोक्यात नसेल तर तज्ज्ञ चालू असलेले औषधही काही दिवस थांबवून मग सुई घालतात. बदललेला गुडघा लाल झाला, भरला, तर गल्लीतल्या दवाखान्यात गोळ्या घेण्याआधी ज्याने तो बसवला त्याला दाखवावा. माझ्या सगळ्या वाचनातून एखादी गोष्ट शेजाऱ्यांना सांगायची झाली तर मी हीच सांगतो.

धातूच्या अॅलर्जीचा उल्लेख टाळला तर वाचक विचारतीलच. खोट्या दागिन्यांनी खाज येते ती बहुधा निकेलमुळे, आणि या सांध्यांच्या धातूत थोडे निकेल असते. पण कातडीला खाज येणाऱ्या बहुसंख्य लोकांचा गुडघा मुकाट्याने काम करतो. खोलवरची अॅलर्जी असते का, किती असते, यावर तज्ज्ञांत वाद आहे. बाकी सगळी कारणे खोडून झाल्यावरच ते निदान उरते. 'अॅलर्जीमुक्त' म्हणून महाग सांधा विकणाऱ्यांकडे मी थोडे संशयाने पाहतो.

मग हे सारे रुग्णाला आधी सांगायला नको का? ताईने सही केलेले संमतीपत्र मी नंतर मागवून वाचले. चार पाने, इंग्रजीत, बारीक ठशात. 'रक्तस्राव' हा शब्द त्यात आहे. कायद्याचे म्हणणे शोधले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ च्या एका निकालात रुग्णाच्या संमतीचा विचार सविस्तर केला आहे. उपचाराचे स्वरूप, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम डॉक्टरने सांगितलेच पाहिजेत, असे त्यात आहे. पण दूरचे किंवा केवळ तात्त्विक धोके सांगण्याची गरज नाही, कारण त्यांनी रुग्ण घाबरून आवश्यक उपचारच नाकारेल. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चिडलो होतो. पुढे विचार केला, की ताईला ऑपरेशनपूर्वी वरची सगळी यादी कोणी वाचून दाखवली असती तर तिने गुडघा बदललाच नसता, आणि ती आज भिंतीला धरून संडासापर्यंत जात असती. न्यायालयाचे म्हणणे आधीच्या काळापुरते मला मान्य आहे. नंतरच्या काळाचे काय, हा प्रश्न त्यात नाही. ऑपरेशनपूर्वी दूरचा असलेला धोका, गुडघा तिसऱ्यांदा भरतो तेव्हा दूरचा राहत नाही. तेव्हा 'काळजी करू नका' हे उत्तर पुरत नाही.

दुर्मीळ गोष्ट एका डॉक्टरला दिसत नाही, हेही खरे. हजारात दोन म्हणजे वर्षाला दोनशे ऑपरेशने करणाऱ्याला अडीच वर्षांत एक. त्याला ती आठवणार कशी? म्हणून काही देशांनी नोंदवह्या सुरू केल्या. स्वीडनची गुडघ्यांची नोंदवही १९७५ पासून चालू आहे: देशात कुठेही गुडघा बदलला, पुन्हा उघडला, की नोंद. ऑस्ट्रेलियाच्या अशाच नोंदवहीत एका कंपनीचे धातूवर धातू घासणारे खुबे लवकर निकामी होत असल्याचे दिसू लागले होते. २०१० मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले तोवर सुमारे ९३ हजार लोकांत ते बसलेले होते, त्यांत भारतीयही होते. आपल्याकडे अस्थिरोग तज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही २००६ पासून आहे, पण ती ऐच्छिक आहे. ताईचा गुडघा पाच वेळा भरला याची नोंद कुठल्याही राष्ट्रीय वहीत नाही. ती माझ्या डायरीत आहे, तारखांसह.

एक वही मात्र आपल्या प्रत्येकाच्या हाती असू शकते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वांत प्रचलित सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले. बातम्या किमतीच्या झाल्या. त्याच आदेशात रुग्णालयाने बिलावर सांध्याची किंमत वेगळी दाखवून कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि तपशील लिहावा, असेही म्हटले आहे. शिवाय सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छोटे स्टिकर असतात. ते ऑपरेशनच्या कागदांत चिकटवतात. पुढे कधी सांधा उघडायची वेळ आली तर नव्या डॉक्टरला आत कोणता माप-मेळ आहे हे त्यावरूनच कळते; नाहीतर एक भाग बदलण्याऐवजी सगळेच बदलावे लागते. ताईच्या फाइलमध्ये ते नव्हते. दोन अर्ज आणि तीन खेपा घातल्यावर मिळाले. चार स्टिकर.

ज्येष्ठात तिचे एम्बोलायझेशन झाले. दीड तास लागला. पडद्यावर तो धूसर डाग डॉक्टरांनी मलाही दाखवला, वाटीच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढा. ताई टेबलावर जागीच होती. तिला डाग दिसत नव्हता म्हणून तिने विचारले, "आहे ना तिथं काहीतरी?" मी हो म्हणालो. आश्विनात गुडघा एकदा थोडा भरला, चार दिवसांत उतरला. त्यानंतर वर्ष गेले. यंदा गौरी तिच्याच घरी बसल्या. स्टिकरची झेरॉक्स तिने पर्समध्ये ठेवली आहे, रेशनकार्डाच्या शेजारी.